तीररक्षक भिंत

तीररक्षक भिंत : जलाशय, तलाव, नदी किंवा समुद्र यांच्या काठावरील उंच दरड पाण्याच्या माऱ्याने ढासळू नये म्हणून तिच्या पायथ्याशी बांधलेली उभी किंवा किंचित कललेली भिंत. ही भिंत एकाच वेळी दोन कामे करते : मागील माती जागच्या जागी धरून ठेवणे आणि समोरून येणाऱ्या लाटांना त्या मातीपर्यंत पोहोचू न देणे. लाटांचा जोर काठापासून दूरच मोडण्यासाठी पाण्यात बांधतात तो लाटरोधक बंधारा आणि उतरत्या काठावर दगड बसवून करतात ते पिचिंग, या दोहोंपासून ती वेगळी असते. खुल्या समुद्राला तोंड देणाऱ्या सागरी भिंतीत लाटेचा आघात हा मुख्य विचार असतो. तीररक्षक भिंतीवर मात्र मुख्य भार मागील मातीचा व त्या मातीत साठलेल्या पाण्याचा येतो. अभिकल्प करताना हा फरक ध्यानात न घेतल्यास लाटांपासून वाचलेली भिंत मागील दाबाने पाण्याच्या बाजूला कलून पडते.

भंडारा जिल्ह्यातील परिस्थिती : भंडारा जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असला, तरी काठाच्या धुपेचा प्रश्न तेथे तीन प्रकारांनी उद्‌भवतो. पहिला प्रकार वैनगंगा व तिच्या उपनद्या यांच्या गाळाच्या उंच दरडींचा. पवनी येथील नदीकाठाचे दगडी पायऱ्यांचे घाट स्नान व धार्मिक विधी यांसाठी बांधलेले असले, तरी काठ राखण्याचे कामही ते करतात. पायऱ्यांवर लाट टप्प्याटप्प्याने मोडते व पाण्याचा एकवटलेला आघात कोठेच होत नाही. दुसरा प्रकार तलावांचा. या जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजाने गावोगाव बांधलेल्या तलावांच्या मातीच्या पाळींवर पावसाळ्यात वाऱ्याने उठलेल्या लाटांचा मारा होतो. साकोली तालुक्यातील शिवनी बांध आणि कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला नवेगाव बांध ही त्यांपैकी मोठी उदाहरणे होत. (नवेगाव बांध १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात आहे.) मालगुजारी पद्धत नष्ट झाल्यावर १९५१ मध्ये हे तलाव सरकारकडे आले आणि पाळीची दरवर्षीची डागडुजी ही गावाची नेहमीची जबाबदारी राहिली नाही.

तिसरा प्रकार मोठ्या धरणामुळे नव्याने निर्माण झालेल्या काठाचा. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथील धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. वैनगंगेवरील या धरणाची लांबी सु. ११·३५ किमी. असून त्यास ३३ दरवाजे आहेत. जलाशयाचा फुगवटा नदीतून भंडारा शहरापर्यंत पोहोचतो. नदीचा काठ शेकडो वर्षांत पाण्याशी जुळवून घेत घडलेला असतो. जलाशयाचा काठ मात्र पूर्वीचे शेत, टेकडीचा उतार किंवा गावठाण असते आणि पाणी एकाएकी त्याला येऊन भिडते. तो नवा उतार धारण करीपर्यंत त्याची झीज होत राहते. धरणासाठी जमीन संपादन करताना पाण्याची पातळी हा मुख्य आधार असतो. परंतु पाण्याची रेषा आज जेथे आहे तेथेच राहील असे नाही. त्या रेषेच्या लगत वर असणाऱ्या घराच्या व शेताच्या दृष्टीने दरडीची स्थिरता हा म्हणूनच महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

दरड ढासळण्याची कारणे : लाट दरडीच्या संपूर्ण उंचीवर आघात करीत नाही, ती पायथ्याची अरुंद पट्टी कोरते. पायथा पोखरला गेला की वरचा भाग आधाराविना लोंबतो व स्वतःच्या वजनाने तुटून पडतो. पडलेली माती काही काळ पायथ्याला आधार देते. पण लाटा ती वाहून नेतात व तोच क्रम पुन्हा सुरू होतो. म्हणून दरडीचा माथा एकसारखा मागे न हटता थांबून थांबून हटतो आणि मधल्या काळात धोका टळला, असा भास होतो.

दुसरे कारण दरडीच्या आत असते. पावसाचे पाणी, सांडपाणी व शेताचे ओलित माथ्यावरून मुरते. भंडारा जिल्ह्यातील कन्हार ही भारी काळी जमीन उन्हाळ्यात खोल भेगाळते आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट आत उतरते. सिहार या रेताड पिवळसर जमिनीतून पाणी लवकर झिरपते. पण बारीक कणही त्याच्याबरोबर निघून जातात. भिजलेल्या मातीचे वजन वाढते व तिच्या कणांमधील घर्षण कमी होते.

तिसरे कारण पाणी उतरण्याचे. पूर ओसरताना किंवा सिंचनासाठी जलाशय रिकामा होत असताना समोरचे पाणी झपाट्याने खाली जाते. दरडीत मुरलेले पाणी मात्र मागे राहते. समोरचा आधार गेलेला व आतील दाब कायम, अशा स्थितीत पुष्कळ दरडी पूर चढताना न पडता तो ओसरल्यावर पडतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुराचे पाणी भंडारा शहरात शिरले होते. अशा पुरानंतर काठाची पाहणी पाणी उतरल्यावर कित्येक दिवस चालू ठेवावी लागते. चीनमधील त्रि-दरी धरणाच्या जलाशयात जून २००३ मध्ये पाणी चढविल्यानंतर जुलैमध्ये छ्यानज्यांगपिंग येथे मोठी दरड कोसळली. जलाशयाच्या पातळीतील बदल काठाच्या स्थिरतेवर किती परिणाम करतो, याचे ते ठळक उदाहरण आहे.

पूर्वपाहणी : भिंतीचा विचार करण्यापूर्वी दरडीची उंची व उतार, मातीचे थर, भूजलाची पातळी, झऱ्यांच्या जागा, समोरच्या तळाची खोली आणि पाण्याच्या कमाल व किमान पातळ्या यांची नोंद करतात. माथ्यावरील एखाद्या पक्क्या खुणेपासून दरडीच्या कडेपर्यंतचे अंतर दरवर्षी मोजल्यास माघारीचा वेग कळतो. नदीकाठी निळी व लाल पूररेषाही पाहावी लागते. महाराष्ट्रात या रेषा अनुक्रमे सामान्यतः २५ व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या आधारे आखतात. जलाशयाच्या किंवा नदीच्या पात्रालगतच्या बांधकामास जलसंपदा विभागाची परवानगी आवश्यक असते.

लाटेची उंची : अंतर्भागातील जलाशयात लाटा वाऱ्याने उठतात. त्यांची उंची वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतो ती मुदत, पाण्याची खोली आणि मोकळ्या पाण्यावरून वाऱ्याला मिळणारी सरळ लांबी म्हणजे पल्ला यांवर अवलंबून असते. पल्ला ३२ किमी. पेक्षा कमी असताना भारतीय अभियांत्रिकीत पुढील सूत्र वापरण्याचा प्रघात आहे :

ल = ०·०३२ √(व × प) + ०·७६३ − ०·२७१ ⁴√प

येथे ल ही लाटेची उंची मीटरमध्ये, व हा वाऱ्याचा वेग ताशी किमी. मध्ये आणि प हा पल्ला किमी. मध्ये आहे. स्कॉटिश अभियंते टॉमस स्टीव्हन्सन यांच्या एकोणिसाव्या शतकातील निरीक्षणांवरून हे सूत्र पुढे सिद्ध झाले. ४ किमी. पल्ला व ताशी ८० किमी. वेगाचा वारा धरल्यास लाटेची उंची सु. ०·९५ मी. येते. फार लहान पल्ल्यांसाठी हे सूत्र वास्तवापेक्षा जास्त उंची देते; म्हणून गावतळ्यासारख्या छोट्या पाण्यासाठी ते तारतम्यानेच वापरावे लागते.

जलाशयाचा कोणता काठ अधिक सोसतो, हे वाऱ्याच्या दिशेवर ठरते. पावसाळ्यातील वारे मुख्यतः नैर्ऋत्य व पश्चिम दिशांकडून येत असल्याने पूर्वेचा व ईशान्येचा काठ अधिक झिजतो. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय भरलेला असताना लाटा दरडीच्या पायथ्याशी पोहोचतात. एप्रिल-मेमधील वादळी वाऱ्यांच्या वेळी पाणी उतरलेले असल्याने त्या उघड्या पडलेल्या उतारावर खाली मोडतात. त्यामुळे एकाच पातळीचा विचार न करता लाटांचा मारा होणारी संपूर्ण पट्टी विचारात घेतात.

भिंतीवरील दाब : लाटेच्या दाबाची बेरीज दर मीटर लांबीस सु. २,००० ल² किग्रॅ. धरतात. वरील उदाहरणात ती सु. १·८ टन होते. हा जोर भिंतीला काठाच्या दिशेने लोटतो आणि मागील माती भिंतीला टेकू देते. उलट दिशेचा, म्हणजे मातीचा व आतील पाण्याचा जोर रोखण्यासाठी मात्र समोर काहीच नसते. म्हणून खरी कसोटी समोरचे पाणी उतरलेले असताना लागते.

उदाहरणार्थ, ३ मी. उंचीच्या भिंतीमागे दर घमी.स १·८ टन वजनाची, पाण्याचा निचरा झालेली माती आहे असे मानू. मातीच्या आडव्या दाबाचा गुणांक १/३ धरल्यास दर मीटर लांबीवर २·७ टन जोर येतो. निचरा नसल्यामुळे तीच माती माथ्यापर्यंत पाण्याने भरली, तर मातीचा जोर सु. १·५ टन आणि पाण्याचा ४·५ टन, असा एकूण ६ टन जोर येतो. म्हणजे तो दुपटीहून अधिक वाढतो. माथ्याशी ०·६ मी. व पायाशी १·८ मी. रुंद अशा दगडी भिंतीचे वजन दर मीटरला सु. ८·३ टन भरते. पायाशी घर्षणाचा गुणांक ०·५ धरला, तर ती सु. ४·१ टन जोर सोसू शकते. निचरा चालू असताना हा प्रतिकार जोराच्या दीडपट आहे व तेवढा पुरेसा मानतात; निचरा तुंबल्यावर तो जोराच्या सात-दशांशाहूनही कमी पडतो आणि भिंत सरकते. लाटेचा आकडा यांत कोठेच आला नाही, हे लक्षणीय आहे. सरकण्याप्रमाणेच भिंत उलटणे, पायाखालील जमीन दबणे आणि भिंतीसह संपूर्ण दरड खोलवरून घसरणे या तीन शक्यताही तपासाव्या लागतात.

प्रकार : स्वतःच्या वजनाने उभी राहणारी दगडी किंवा काँक्रीटची गुरुत्व भिंत कठीण पायावर व ३-४ मी. उंचीपर्यंत सोयीची असते. लोखंडी तारांच्या जाळीत दगड भरून रचलेली गॅबियन भिंत पाण्याला वाट देते व पाया थोडा खचला तरी मोडत नाही. मात्र तारांना चांगला जस्तलेप नसल्यास त्या गंजतात. मऊ गाळाच्या तळात एकमेकांत अडकणारे पोलादी पत्रे खोलवर ठोकतात व त्यांचा माथा ताणसळ्यांनी मागील पक्क्या जमिनीत जखडतात. प्रबलित काँक्रीटच्या भिंतीची टाच मागील मातीखाली गेलेली असल्याने त्या मातीचेच वजन तिला स्थिर ठेवते. भंडारा जिल्ह्यात साकोली गटातील रूपांतरित खडक व पट्टिताश्म यांचा दगड मिळत असल्याने दगडी काम तेथे स्वाभाविक ठरते. भेगाळलेला, पाण्याने भुसभुशीत होणारा दगड मात्र टाळावा लागतो.

पायथा : उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परत फिरताना समोरचा तळ उकरते. उकराची ही खोली सामान्यतः पायथ्याशी पोहोचणाऱ्या लाटेच्या उंचीइतकी धरतात. म्हणजे वरील उदाहरणात सु. १ मी. पाया त्याहून खाली न्यावा लागतो. नदीकाठी प्रवाहाने होणारा उकर पुष्कळदा याहून मोठा असतो. संयुक्त प्रांताच्या पाटबंधारे खात्यातील अभियंते जेरल्ड लेसी यांनी १९३० मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, पात्राच्या दर मीटर रुंदीतून सेकंदास १० घमी. पाणी वाहत असल्यास मध्यम रेतीच्या तळात पुराच्या पातळीपासून सु. ६·३ मी. खोलीपर्यंत उकर होतो, आणि वळणावर तो दीडपट धरतात. एवढा खोल पाया परवडत नसल्यास भिंतीसमोर सुट्या जड दगडांचा रुंद पदर पसरतात. तळ उकरला गेला की हे दगड आपोआप खाली घरंगळून नव्या उताराला झाकतात.

निचरा : भिंतीमागे सु. ३०–५० सेंमी. जाडीचा खडी-रेतीचा थर, तळाशी सच्छिद्र नळ आणि भिंतीत दर १·५–२ मी. अंतरावर निचराछिद्रे ठेवतात. निचऱ्याच्या थराने पाणी जाऊ द्यावे, पण माती जाऊ देऊ नये, हे साधण्यासाठी कार्ल टेर्झागी यांनी घालून दिलेला नियम वापरतात : वजनाने १५ टक्के कण ज्या आकारापेक्षा बारीक असतात तो गाळणीचा आकार, मातीतील ८५ टक्के कण ज्याहून बारीक असतात त्या आकाराच्या चार ते पाच पटींहून कमी असावा; आणि मातीच्या १५ टक्क्यांच्या आकाराच्या मात्र चार ते पाच पटींहून अधिक असावा. कृत्रिम धाग्यांचे भूवस्त्रही या कामी वापरतात. माथ्यावरचे पाणी भिंतीकडे येऊच नये म्हणून कडेपासून मागे चर काढून ते बाजूने सुरक्षितपणे खाली उतरवितात. दरडीवरील घराची न्हाणी, शोषखड्डा किंवा ओलिताची चारी कडेजवळ असल्यास ती हलविणे हा पुष्कळदा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

माथा व टोके : लाट भिंतीवरून उसळून मागे पडल्यास भिंतीमागील भर धुऊन जाते. म्हणून माथा कमाल पातळीच्या वर लाटेच्या उंचीच्या सु. दीडपट, वरील उदाहरणात १·४ मी., ठेवतात व त्यामागे दगडी फरसबंदी करतात. भिंतीची दोन्ही टोके दरडीत आतवर वळवून न नेल्यास पाणी बाजूने मागे शिरते. टोकांपाशी लाटा वळून एकवटत असल्याने लगतच्या उघड्या काठाची झीज वाढते. एका मालकाने बांधलेल्या भिंतीची किंमत अशा प्रकारे शेजारच्या शेताला मोजावी लागते. उत्तर अमेरिकेतील मिशिगन सरोवराच्या दरडींच्या बाबतीत हा अनुभव विस्ताराने नोंदला गेला आहे. तेथे १९८६ मध्ये व पुन्हा २०२० मध्ये पाण्याची पातळी असाधारण चढली असता अनेक घरमालकांनी काठ वाचविण्यासाठी भिंती व दगडी अस्तरे उभारली. परंतु दरडींच्या झिजेतून काठाला मिळणारी वाळू भिंतींमुळे अडते आणि पुढील काठ अधिक उघडा पडतो, असे आढळते. यासाठी तुकड्यातुकड्यांची भिंत न बांधता काठाचा संपूर्ण भाग एक घटक मानून योजना करणे हितावह असते.

इतर उपाय : दरड छाटून तिला १ : २ उतार देता येत असेल, तर भिंतीऐवजी दगडी पिचिंग पुरते. तलावांच्या पाळींचे रक्षण अशाच प्रकारे करतात. दगडाचे वजन हडसन यांच्या सूत्राने काढतात. वरील लाटेसाठी ते सु. १२५ किग्रॅ., म्हणजे सु. ३६ सेंमी. बाजूच्या ठोकळ्याएवढे येते. वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लाट दुप्पट झाल्यास दगड आठपट जड लागतो. दगडांखाली गाळणीचा थर नसल्यास लाट परतताना सांध्यांतून माती शोषली जाते व अस्तर खचते. कमी लाटांच्या काठावर वाळा, निर्गुडी यांसारख्या वनस्पतींची मुळे वरचा थर बांधून ठेवतात. पायथा तुटत असताना मात्र केवळ लागवडीने दरड वाचत नाही. काही ठिकाणी मागे सरणे हाच योग्य मार्ग असतो. समजा, दरड ६ मी. उंच आहे, तिचा स्थिर उतार १ : २ आहे आणि पायथा वर्षाला अर्धा मीटर मागे हटतो. अशा ठिकाणी ३० वर्षांच्या मुदतीसाठी घर पायथ्यापासून निदान १२ + १५ = २७ मी. दूर हवे. भिंतीचा खर्च वाचणाऱ्या जमिनीच्या व घरांच्या किंमतीहून अधिक होत असल्यास हा हिशेब निर्णायक ठरतो.

देखभाल : पावसाळ्यापूर्वी व नंतर भिंतीची तपासणी करतात. समोरचे पाणी उतरत असताना निचराछिद्रांतून स्वच्छ पाणी येणे हे सुलक्षण होय. गढूळ पाणी आल्यास मागील माती वाहून जात आहे आणि पाणी मुळीच न आल्यास छिद्रे तुंबली आहेत, असे समजावे. माथ्यावर काठाला समांतर पडलेली भेग, पुढे फुगलेला भाग, भिंतीमागे खचलेली जमीन व उघडा पडलेला पाया ही धोक्याची चिन्हे होत. भेग केवळ वरून सिमेंटने बुजविल्यास कारण तसेच राहते. आधी आतील पाण्याला वाट करून द्यावी लागते. उंची व जाडी यांइतकेच किंवा त्यांहूनही अधिक तीररक्षक भिंतीचे आयुष्य पायाची खोली, निचरा आणि ही नियमित निगा यांवर अवलंबून असते.